सिनेमातलं माझं मरण

माझ्या भावावर सिनेमा निघाला तेव्हा त्याला तुरुंगातून सुटून बरीच वर्षं झाली होती. कॉलेज संपवून रिकामा फिरत असताना त्याने दोन मित्रांबरोबर जबलपूरजवळच्या एका कसब्यातली बँक लुटली. पळताना एका मित्राने गोळी झाडली, ती तिथल्या चौकीदाराच्या मांडीत घुसली. थोड्याच दिवसांत तिघंही एका लॉजवर सापडले. भावाने शिक्षा भोगली आणि सुटल्यावर घरी न येता बीना गावी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला लागला. दिवाळीला फोन करतो. बाबा तो आत असतानाच गेले. आई आणि मी जबलपुरात मदन महलच्या घरात राहतो. मी सदर भागातल्या एका शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही. त्याला भाऊ हे एक कारण होतं, एकमेव नव्हतं.

सिनेमा निघायच्या आधी मुंबईहून एक तरुण आमच्याकडे आला होता. बूट दाराबाहेर काढून आत आला, आईच्या हातचा चिवडा दोनदा मागून खाल्ला. सिनेमा नक्की होईलच असं नाही, पण झाला तर खरा व्हावा म्हणून भेटायला आलोय, असं म्हणाला. त्याने भावाच्या लहानपणाविषयी विचारलं, मी तेव्हा काय करत होते ते विचारलं. मी गच्चीवर मुलांच्या शिकवण्या घ्यायचे, एवढं त्याला सांगितलं. फोटो मागितला, तो आम्ही दिला नाही. शेवटी त्याने विचारलं की भावाला अशी काय अडचण होती.

आईने त्याला हिंदीत सांगितलं की काहीच अडचण नव्हती. मुलांचे वडील फॅक्टरीत होते, घर होतं, दोन वेळा जेवण होतं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, आई सांगतेय तेच.

"पर आंटी, पब्लिक पूछेगी ना, क्यों किया," तो म्हणाला.

"पूछने दो," आई म्हणाली. "हम भी पूछते हैं."

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला, आईच्या पाया पडला आणि गेला. आईने थट्टा केली नव्हती. बाबांनी तर जेलच्या जाळीतून दर भेटीला तोच एक प्रश्न विचारला होता, आणि भाऊ दर वेळी खाली बघत बसला होता. बँक लुटली त्या संध्याकाळी तो घरी आला होता, वरण-भात परत परत मागून जेवला होता, टीव्हीवर मॅच बघून झोपला होता. पोलीस त्याला शोधत घरी आले तेव्हा बाबा त्यांना सांगत होते की तुमची काहीतरी चूक होतेय, मुलगा त्या दिवशी नीट जेवलाय.

सिनेमावाल्यांना कारण मिळालं नाही, तेव्हा त्यांनी एक तयार केलं. ते मला शाळेत कळलं.

सिनेमा लागला त्या आठवड्यात शाळेत दुसरा विषय नव्हता. गोष्ट जबलपूरची, शूटिंग भेडाघाटला झालेलं, सदरचा बाजार पडद्यावर दिसतो, त्यामुळे जो तो बघून आला होता. मी आठवीच्या वह्या तपासत होते. हिंदीच्या सरांनी पेपरातलं परीक्षण मोठ्याने वाचून दाखवलं. पूर्वार्ध रेंगाळतो, गाणी नको तिथे येतात, पण बहिणीच्या मृत्यूनंतर हा गुन्हेगारीपट राहत नाही, एका घराचं दुःख होतो, अशा अर्थाचं काहीतरी होतं. मी वही मिटली नाही. विज्ञानाची नवी मॅडम म्हणाली की त्या सीनला तिचा रुमाल भिजला. आजारी बहिणीच्या ऑपरेशनसाठी तो बँक लुटतो, बॅग घेऊन हॉस्पिटलात धावत जातो, आणि ती तोवर गेलेली असते. बिचारी गच्चीवर गरीब मुलांना गणित शिकवायची, असं ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की ती मी होते.

त्या मॅडमने मग मोबाइलवर कुठल्याशा मुलीचं परीक्षण लावलं. ती मुलगी म्हणत होती की असल्या सिनेमांत बहिणीला मरण्याशिवाय काही काम नसतं. मॅडमला त्याचा राग आला. काही लोकांना रडताच येत नाही, म्हणाली. मला त्या परीक्षणात चूक काढता आली नाही. मी पुढची वही घेतली. त्रैराशिकात अर्ध्या वर्गाने एकच चूक केली होती.

शाळेत माझ्या भावाचं फक्त मोठ्या मॅडमना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, माहीत होतं. त्यांनीच बहुधा मला त्रास नको म्हणून इतरांच्या कानावर घातलं असावं. दुसऱ्या दिवशी विज्ञानाची मॅडम वऱ्हांड्यात माझी वाट बघत उभी होती. तिने माझे दोन्ही हात धरले.

"दीदी, मुझे पता नहीं था. मैं आपके लिए बहुत रोई."

मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही. ती माझ्याकडे निरखून बघत होती, बरी झालेली आहे की नाही हे तपासत असल्यासारखी. मग घंटा झाली.

घरी मी आईला काही सांगितलं नव्हतं, पण शेजारणीने सांगितलं. आई म्हणाली तिला सिनेमा बघायचाय. मी म्हटलं, कशाला.

"काहून नाही? माझ्या पोराचा आहे. सगळं गाव पाहून राहिलं, मीच नाही पाहायचा?"

रविवारी दुपारच्या खेळाला मी तिला ऑटोने घेऊन गेले. मॉलच्या सरकत्या जिन्याला ती घाबरते म्हणून लिफ्टने वर नेलं. थिएटर भरलेलं होतं, कॉलेजची मुलंच जास्त. सदर दिसल्यावर शिट्ट्या झाल्या. हिरो मोटरसायकलवरून आला तेव्हाही झाल्या. आईने माझ्या कानाशी विचारलं, हा कोण. मी म्हटलं, हा दादा. तिने मान हलवली. भाऊ किडकिडीत होता, आणि त्याला मोटरसायकल येत नव्हती. सिनेमातलं घर मराठी नव्हतं. बाप दारुडा होता आणि बहिणीच्या औषधाचे पैसे पिऊन टाकत होता. आईने हळूच सांगितलं की यांना तर वासही सहन व्हायचा नाही. जणू मला ते माहीत नव्हतं.

बँकेच्या सीनला लोक खूप हसले. त्यात चौकीदार स्टुलावर बसून घोरत असतो, तोंडावर माशी फिरते, हिरो ती माशी हाताने उडवून आत जातो. नंतर गडबडीत चौकीदार दचकून उठतो आणि स्वतःच्याच बंदुकीने स्वतःच्या पायात गोळी मारून घेतो. "हम तो सो रहे थे साब," असं तो पोलिसांना सांगतो. त्या वाक्याला टाळ्या पडल्या. मी हसले नाही, पण उठून बाहेरही गेले नाही. आई म्हणाली, असं नव्हतं ना गं. मी म्हटलं, नव्हतं.

मग माझं मरण आलं. पडद्यावरची मुलगी माझ्याहून फार देखणी होती. ती खिडकीकडे तोंड करून पडलेली, एका मुलाला अर्धवट राहिलेलं गणित समजावून सांगत होती, आणि सांगता सांगता थांबली. थिएटर एकदम शांत झालं. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढत होतं. आईने माझं मनगट धरलं आणि ती रडायला लागली.

भावाला पकडलं तेव्हा ती रडली नव्हती. निकाल लागला तेव्हाही नाही. बाबा गेले तेव्हा आलेल्यांना चहा करत होती. आता ती हमसून रडत होती आणि तिच्या बांगड्या माझ्या हाताला टोचत होत्या. मी तिच्या शेजारीच बसले होते. आई, मी इथे आहे, असं म्हणावं असं मनात आलं, पण ते ऐकू जाईल असं वाटलं नाही. माझ्या मांडीवर पॉपकॉर्नचा डबा होता. तो सांडू नये म्हणून मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

परत येताना ऑटोत ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "तू तेव्हा आजारी होतीस ना?"

"कावीळ झाली होती. ती त्याच्या आदल्या वर्षी."

"पण होतीस ना आजारी?"

मला कावीळ झाली होती हे खरं होतं. घरीच पथ्यपाण्यावर बरी झाले होते, भाऊ रोज सायकलवर जाऊन उसाचा रस आणायचा. आईने त्यातून हळूहळू पुढचं उभं केलं. आधी शेजारणीला सांगितलं. मग संक्रांतीला आमच्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला गेलो तेव्हा बायका आपणहून तिच्याभोवती येऊन बसल्या. भाऊ पकडला गेल्यापासून आई तिथे गेली तर दाराजवळच्या खुर्चीवर बसायची आणि वाण घेऊन निघायची. या वेळी तिला मधे बसवलं. सिनेमावाल्यांनी पोरीला मारून टाकलं, तेवढं खोटं, ती सांगत होती, माझी पोर वाचली, पण बाकी ते तसंच होतं. पोराला बहिणीचं बघवलं नाही.

बायका माझ्याकडे वळल्या. आता कसं वाटतं, एकीने विचारलं. मी म्हटलं, आता बरी आहे. त्यांच्यातल्या एकीने मला जास्तीचे तिळगूळ दिले.

मला राग यायला हवा होता असं पुढे एकदा मोठ्या मॅडम म्हणाल्या. आला नाही. आईला इतक्या वर्षांनी एक कारण सापडलं होतं, ते तिला बरं वाटत होतं, आणि मला त्यासाठी फक्त एकदा आजारी पडून गेलेलं असणं भाग होतं. तेवढं मला जमण्यासारखं होतं.

त्याच थंडीत एका सकाळी दार वाजलं. बाहेर काठी टेकून एक म्हातारा उभा होता, बरोबर त्याची मुलगी. मुलीने सांगितलं की ते कांचघरला राहतात आणि हे त्या बँकेचे चौकीदार. मी त्यांना कोर्टात पाहिलं होतं, पण ओळखलं नाही. तेव्हा ते उंच होते.

मी त्यांना आत घेतलं. पाय वाकत नव्हता, म्हणून ते खुर्चीत अर्धे तिरपे बसले. आई आतून आली, ओळख सांगितल्यावर उभीच राहिली. म्हातारबांनी फार इकडचं तिकडचं केलं नाही. सिनेमा लागल्यापासून गल्लीतली पोरं त्यांना बघून घोरण्याचा आवाज काढतात. मोबाइलवर तो सीन फिरतोय. नातेवाइकांच्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मित्रांनी त्यांना ते वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं. सिनेमावाले त्यांच्याकडे कधी आलेच नव्हते. त्यांनी पेपरच्या बातमीदाराला गाठलं, तो म्हणाला, सिनेमात थोडं इकडे-तिकडे चालतं.

"मैं सोया नहीं था, बिटिया," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "मैं खड़ा था. तुम्हारा भाई दरवाज़े पर था. उसने मुझे देखा, मैंने उसको देखा."

गोळी झाडणारा मित्र पुढे तुरुंगातच वारला, दुसऱ्याचा पत्ता कुणालाच नाही. म्हणजे त्या तिघांपैकी, ते जागे होते हे सांगू शकेल असा माझा भाऊ एकटाच उरला होता. त्याने तेवढं सांगावं, म्हणून ते आले होते. कोर्टात नको, पेपरात नको. फोनवर बोलून पाठवलं तरी चालेल, मुलगी म्हणाली, घरच्यांना ऐकवायला.

मी काही बोलायच्या आत आई बोलली. तिने त्यांना हळदीकुंकवात सांगितलं होतं तेच सांगितलं. पोरगी आजारी होती, म्हणून पोराच्या हातून घडलं, तो वाईट नव्हता, तुम्ही राग धरू नका. बोलताना तिने पदर हातात घट्ट धरला होता. म्हातारबांनी नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले.

"सच में बीमार थी, बिटिया?"

आई माझ्याकडे बघत होती. हळदीकुंकवातल्या बायकांना जे सहज सांगितलं होतं ते या माणसाच्या पायाकडे बघून तोंडातून निघालं नाही. यात माझा काही मोठेपणा नव्हता. ते निघालं नाही, इतकंच.

"नहीं," मी म्हटलं. "मुझे कुछ नहीं हुआ था."

"फिर क्यों किया उसने?"

"पता नहीं. हमें कभी नहीं बताया."

त्यांनी मान हलवली. त्यांना धक्का बसला नाही, की बरंही वाटलं नाही. आई स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं आता ती बाहेर येणार नाही, पण ती चहा घेऊन आली, त्यांच्या हातात कप दिला, आणि बशी धरून उभी राहिली, कारण तिरपं बसल्यामुळे त्यांना दोन्ही सांभाळता येत नव्हतं. चहा संपेपर्यंत ती तशीच उभी होती.

दुपारी मी शाळेतून भावाला फोन लावला. दिवाळी नसताना माझा फोन आला म्हणून तो घाबरला, आईला काही झालं का, विचारलं. मी नाही म्हटलं. सिनेमा पाहिलास का, विचारलं.

"ड्रायव्हर लोकांनी लावला होता मोबाइलवर. तू मरतेस तिथपर्यंत पाहिला. मग गाडी आली माल उतरवायला."

"तिथल्या लोकांना माहीत आहे, तुझ्यावर आहे म्हणून?"

"नाही. काहून सांगू?"

मी त्याला चौकीदारांचं सांगितलं. मागे ट्रकचा हॉर्न वाजला.

"जागा होता तो," तो म्हणाला. "उभा होता. मी आत शिरताना त्याने मला विचारलं, बेटा, पासबुक लाया है? त्याला वाटलं मी खातेदार आहे. मी हो म्हटलं."

हे त्याने ना पोलिसांना सांगितलं होतं ना बाबांना. मी म्हटलं, हे सगळं बोलून पाठव. तो म्हणाला, पाठवतो. मग त्याने विचारलं, आई सिनेमातलं ते ऑपरेशनचं लोकांना सांगून राहिली का. त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे. मी हो म्हटलं.

"सांगू दे," तो म्हणाला. "माझ्याजवळ तर त्याहून बरं काही नाही."

का, असं तेव्हा विचारता आलं असतं. त्याचा आवाज तसा मोकळा होता. पण मला खरोखरच ते जाणून घ्यायचंय का, हे मी शोधत राहिले आणि मला आत काही सापडलं नाही. मी म्हटलं, ठेवते, तास आहे.

संध्याकाळी त्याचा निरोप आला, हिंदीत, थांबत थांबत बोललेला. त्याने आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, जसं कोर्टात सांगायचा. मग म्हणाला की चाचा जागे होते, उभे होते, त्यांनी अडवायला हात पुढे केला, गोळी आमच्या माणसाने मारली, चाचांची बंदूक सुटलीच नाही. शेवटी माफी मागेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "इतना ही है."

मी तो पाठवून दिला असता तरी चाललं असतं, पण रविवारी मी कांचघरला स्वतः गेले. म्हातारबा उन्हात खाटेवर बसले होते, त्यांची बायको मटार सोलत होती. त्यांनी फोन कानाला लावून ऐकलं, मग बायकोच्या कानाला लावला. तिचे हात थांबले नाहीत. ऐकून झाल्यावर ती म्हणाली की हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. म्हातारबा तिच्याकडे बघत राहिले. मुलीने तो निरोप आपल्या फोनवर घेतला आणि मला आत नेऊन सांगितलं की सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा अम्माही हसली होती, आणि त्यानंतर बाबूजी तिच्याशी जेवणापुरतंच बोलत होते. निघताना त्यांनी मला पिशवीभर मटार दिले. नको म्हणता आलं नाही.

पुढे विशेष काही झालं नाही. पेपरात काही छापून आलं नाही, तोवर दुसरा सिनेमा लागला होता. मुलीचा अधूनमधून फोन येतो. ती म्हणते, बाबूजी आल्यागेल्याला तो निरोप ऐकवतात, पोरं घोरायची ती अजून घोरतात, पण आता बाबूजी थांबून त्यांनाही ऐकवतात, म्हणून काही पोरं कंटाळून पळतात. सिनेमातल्या बहिणीला कसलंसं बक्षीस मिळालं. शाळेतल्या मॅडमने मला मिठाई आणून दिली, मी ती सगळ्यांत वाटली.

आई हळदीकुंकवात अजून तेच सांगते. मी शेजारी असले तर माझ्याकडे बघत नाही.

एका दुपारी मी पेपर तपासत होते तेव्हा ती येऊन बसली. म्हणाली, त्या म्हाताऱ्याला पाठवलंस ते मला ऐकव. मी लावून दिलं. ऐकू कमी येतं म्हणून तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. संपल्यावर परत लाव म्हणाली. मी परत लावला.

"सर्दी झालेली दिसते त्याला," ती म्हणाली.

मी म्हटलं, असेल. ती उठून आत गेली, आणि मी उरलेले पेपर तपासले.